यंत्रांची भाकिते आणि आपली मुले

“येत्या वर्षी कोणती नोकरी यंत्र गिळणार?” हा प्रश्न आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पालक हल्ली आम्हा शिक्षकांस हमखास विचारतात. उत्तर देण्यापूर्वी जुनी भाकिते आठवावीत, असे आम्हांस वाटते.

हर्बर्ट सायमन यांनी १९५७ साली सांगितले की, दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल. जगज्जेत्या कास्पारॉव्हला ‘डीप ब्लू’ने सामन्यात हरविले ते १९९७ साली! पुढे २०१६ साली जेफ्री हिंटन म्हणाले, क्ष-किरणतज्ज्ञ तयार करणे आता थांबवा. पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल. हिंटन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणतज्ज्ञ मात्र आजही हवेच आहेत. कारण असे की, फोटोतील डाग यंत्र ओळखते. परंतु रोग्याची हकीकत, मागील फोटो आणि शस्त्रवैद्याची शंका यांचा मेळ माणसासच घालावा लागतो. एखादी हुशार मुलगी त्या भाकितावर विसंबून ती वाट सोडून बसली असेल, तर तिचे नुकसान कोण भरून देणार?

येत्या वर्षाबद्दल आमचा अंदाज याहून साधा आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ आल्यापासून सुबक पत्र लिहिणे कोणासही सोपे झाले. तेव्हा अर्जासोबतचे निबंध यंदाहून अधिक गोंडस येतील, आणि मूल कसे आहे हे त्यांवरून मुळीच कळणार नाही. विश्वस्तांनी प्रत्येक मुलाला समोर बसवून दहा मिनिटे बोलते करावे. खेड्यातील मुले बावरतात. त्यांना चहा आधी द्यावा.