भीती किरणांची की अर्धवट उपचारांची?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार सुरू झाले की घरात कुजबुज सुरू होते. 'लाइट' घेऊन आलेल्या बाईजवळ लहान मुलांना झोपू देऊ नये, तिची ताटवाटी वेगळी ठेवावी, असे कोणीतरी सांगते. आपल्यामुळे घरच्यांना बाधा होईल, असे तिलाही वाटू लागते. त्यातच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुलाब आणि थकवा सुरू झाला की 'किरणांनी अंग जाळले' म्हणून ती रुग्णालयात जाणेच बंद करते. गाठ मात्र आतल्या आत पुन्हा वाढू लागते.

शरीराबाहेरून दिलेले किरण अंगात साठत नाहीत. कोबाल्ट यंत्रातला किरणोत्सारी स्रोत जड धातूच्या जाड कवचात असतो. उपचारापुरते किरण बाहेर येतात आणि वेळ संपली की थांबतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसेच हे आहे. अशी रुग्ण घरी येऊन नातवंडाला मांडीवर घेऊ शकते, सर्वांसोबत जेवू शकते.

या उपचारात वेळापत्रकाला फार महत्त्व आहे. आठवड्यातून पाच दिवस, अशा साधारण २५ बैठका होतात. त्यानंतर ब्रेकीथेरपीत छोटा स्रोत काही मिनिटे गाठीजवळ ठेवून काढून घेतात. हे सर्व शक्यतो आठ आठवड्यांत पूर्ण व्हावे लागते. मध्ये खंड पडला तर उरलेल्या कर्करोगपेशींना वाढायला सवड मिळते आणि बरे होण्याची शक्यता कमी होते.

कोबाल्ट-६० अणुभट्टीत तयार होतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले 'भाभाट्रॉन' हे किरणोपचाराचे यंत्र त्याच्याच आधारे चालते. म्हणजे ज्या अणुतंत्रज्ञानाच्या नावाने धडकी भरते, तेच गरीब रुग्णाच्या उपचाराला उपयोगी पडते.

भीतीला काहीच आधार नाही, असे नव्हे. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन हवेत पसरले. दूषित दूध प्यायलेल्या मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग वाढला. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट असलेले जुने उपकरण भंगारात गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. निष्काळजीपणा झाला की किरण घातक ठरतात.

पण तेच आयोडीन-१३१ ठरावीक मात्रेत देऊन थायरॉइडच्या कर्करोगावर उपचार करतात. हे औषध पोटात जाते, त्यामुळे येथे पथ्य खरोखरच लागते. मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. घरी गेल्यावरही लहान मुले आणि गर्भवती यांच्यापासून सांगितलेले दिवस दूर राहावे लागते. आयोडीन-१३१ ची किरणोत्सारिता दर आठ दिवसांनी निम्मी होते. म्हणून हे पथ्य थोड्या दिवसांचेच असते.

म्हणूनच उपचार सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे : किरण बाहेरून देणार की औषध पोटात जाणार? घरी काही पथ्य आहे का? बैठका किती आणि कधी संपतील? जुलाब, लघवीची जळजळ, थकवा यांवर औषधे आहेत. त्रास झाला तर तो सांगावा, परस्पर उपचार सोडू नयेत. आणि घरच्यांनी ताट वेगळे करण्याऐवजी रोज तिच्यासोबत रुग्णालयात जावे. त्याचीच तिला अधिक गरज असते.