चिंधी कुजली पाहिजे
श्रद्धा आणि पर्यावरण : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण ख्रिस्तपूर्व युरोपातल्या निसर्गदेवता पाहिल्या. त्यांची नव्याने उपासना करणारे आणि स्वतःला अभिमानाने 'पेगन' म्हणवणारे लोक आज ब्रिटन-अमेरिकेत आहेत. आपला धर्म हा निसर्गधर्म, असं त्यांतले बरेच जण सांगतात. मात्र ही निसर्गनिष्ठा प्राचीन काळापासून अखंड चालत आलेली नाही. तिचं आजचं रूप पन्नासेक वर्षांचं आहे.

विक्का हा यातला सर्वांत परिचित पंथ. मलायात कस्टम्स खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या जेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थाने तो लोकांपुढे आणला. ब्रिटनमधला चेटकासंबंधीचा १७३५चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरचं 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक आलं. त्या काळातल्या विक्काचा भर दीक्षा, गुप्तता आणि सुफलनाच्या विधींवर होता. ऋतुचक्राचे आठ सण १९५०च्या दशकात एका माळेत ओवले गेले, पण नद्यांचं प्रदूषण किंवा जंगलतोड हे विषय त्या वर्तुळात फारसे नव्हते.

ते आले १९७० नंतर, मुख्यतः अमेरिकेतून. २२ एप्रिल १९७० रोजी तिथे पहिला वसुंधरा दिन पाळला गेला. त्या वातावरणात घडलेल्या स्टारहॉक या लेखिकेने १९७९ मध्ये 'द स्पायरल डान्स' लिहिलं. देवी आकाशात कुठे दूर नाही, ही पृथ्वीच देवी आहे, हा तिच्या मांडणीचा गाभा. पृथ्वी देवी असेल, तर तिच्यासाठी रस्त्यावर उतरणं ओघानेच आलं. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅन्यन अणुवीज केंद्राविरुद्धच्या धरण्यात तिने अटक करून घेतली.

ब्रिटनमध्ये १९९० साली सुरू झालेल्या 'ड्रॅगन' या गटाने विधी आणि आंदोलन यांची सांगड घातली. लंडनच्या आग्नेय भागात ऑक्सलीज वूड हे प्राचीन जंगल आहे. त्यातून महामार्ग जाणार होता. 'ड्रॅगन'ने तिथे विधी केले, स्थानिक रहिवासी कोर्टात गेले, युरोपीय आयोगापर्यंत तक्रार पोहोचली. १९९३ मध्ये सरकारने तो बेत सोडला. नुसत्या मंत्रांनी जंगल वाचलं नाही, हे उघड आहे. पण लढ्यात टिकून राहण्याचं बळ विधींनी दिलं, असं ते करणारे सांगतात.

याच श्रद्धेची दुसरी बाजू कॉर्नवॉलमधल्या मॅड्रन विहिरीपाशी दिसते. भोवतालच्या झाडांच्या फांद्या चिंध्यांनी लगडलेल्या असतात. जुनी रीत अशी : अंगावरच्या कापडाची चिंधी पाण्यात भिजवायची, दुखऱ्या जागी लावायची आणि झाडाला बांधायची. चिंधी कुजत जाईल तसं दुखणं सरत जाईल. आता तिथे नायलॉनच्या फिती आणि प्लास्टिकच्या वस्तूही बांधल्या जातात. त्या कुजत नाहीत. फांदी जाड होत जाते, घट्ट गाठ तिच्या सालीत रुतते. प्राचीन स्थळं जपणारे स्वयंसेवक अशा वस्तू सोडवून काढतात. त्यांत पेगनही असतात आणि आपल्याच धर्मबंधूंना ते खडसावतात.

त्यांचा मुद्दा धार्मिकही आहे. चिंधी कुजली नाही तर दुखणं जाणार कसं? नायलॉन बांधणारा झाडाला इजा करतो आणि विधीही फुकट घालवतो. पर्यावरणाचा नियम इथे बाहेरून आणावा लागत नाही. तो रीतीतच होता, सोयीच्या नादात विसरला गेला.

२०१५ मध्ये पेगनांनी पर्यावरणाविषयी एक संयुक्त निवेदन काढलं. त्यावर जगभरातून हजारो सह्या झाल्या. निवेदनं सगळेच धर्म काढतात. निसर्गाला देव म्हणणं सोपं आहे. त्या देवापुढे काय ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही, यावरच निसर्गधर्म खरा की नावापुरता ते ठरतं.

(पुढील लेखांकात : एस्टोनियातल्या पवित्र राया आणि त्या वाचवणारी माणसं)