जंतूच्या पोटात जंतुनाशक

यवतमाळच्या शेतकऱ्याला बोंडअळीची ओळख करून द्यावी लागत नाही. पऱ्हाटीवर पाकळ्या गुंडाळलेलं, न उमललेलं फूल दिसलं की तो ते बोटांनी उकलून पाहतो. आत गुलाबी अळी बसलेली असते. या फुलाला डोमकळी म्हणतात. पण ओलाव्यात, बुरशीत, स्वतःच्याच विष्ठेत राहणारी अळी सडत कशी नाही, हा प्रश्न डोमकळी चुरडून टाकणाऱ्याला कशाला पडेल?

शास्त्रज्ञांना तो पडला. माणसासारखी प्रतिपिंडं किड्याकडे नसतात. जंतू शरीरात शिरले की तो छोटी प्रथिनं रक्तात सोडतो. स्वीडनच्या हान्स बोमन यांनी एका रेशीम पतंगाच्या कोषात जंतू टोचून असं प्रथिन वेगळं केलं. १९८१ साली ‘सेक्रोपिन’ जगापुढे आलं. १९९९ मध्ये आपल्या हिरव्या बोंडअळीच्या अमेरिकी भाऊबंदांतल्या एका अळीत ४४ अमिनो आम्लांचं ‘हेलिओमायसिन’ सापडलं. ते बुरशीला मारतं. कापसाच्या वैऱ्याकडे असं औषध निघावं, हा न्याय अजबच!

अशी प्रथिनं म्हणजे प्रतिजैविक पेप्टाइडं. बहुतेकांवर धन विद्युतभार असतो आणि जंतूंच्या आवरणावर ऋण. त्यामुळे ती तिथे चिकटतात आणि आवरणाला भोकं पाडतात. अडचण मिळवण्याची आहे. एका अळीच्या रक्तातून मिळणार किती? रसायनांपासून एकेक अमिनो आम्ल जोडत बनवलं, तर खर्च भारी. मग जनुक ‘ई. कोलाय’ या जिवाणूत घालायचं आणि त्यालाच कामाला लावायचं. बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचं अळीनाशक जनुक झाडात गेलं होतं, २००२ पासून यवतमाळच्या शेतांत ते उगवतं आहे. इथे किड्याचं जनुक जिवाणूत जातं.

पण जंतू मारणारी वस्तू जंतूकडूनच बनवून घ्यायची, तर कामगारच आधी मरतो. मेला नाही, तर आतली विकरं त्या इवल्या पेप्टाइडाचे तुकडे करतात.

यावरचा तोडगा म्हणजे तलवार म्यानातच घडवायची. पेप्टाइडाच्या जनुकाला मोठ्या, निरुपद्रवी प्रथिनाचं जनुक जोडतात. प्रयोगशाळेत ३७ अंशांवर चंबू हलत राहतो, पिवळसर रस्सा काही तासांत गढूळ होतो. मग त्यात एक रसायन टाकलं की जनुक चालू होतं. जिवाणू फोडून जोडप्रथिन गाळून घेतात, विकराने सांधा कापतात आणि तेव्हाच पेप्टाइड मोकळं होतं. १९७७ साली सोमॅटोस्टॅटिन हे १४ अमिनो आम्लांचं संप्रेरक असंच जोडप्रथिनातून काढलं होतं. तिथे सांधा रसायनाने कापला होता.

निसर्गाला ही युक्ती आधीच ठाऊक होती. दुधातला एक जिवाणू ‘नायसिन’ हे जंतुनाशक पेप्टाइड बनवतो, तेही शेपूट लावलेलं, निष्क्रिय. पेशीबाहेर पडल्यावर शेपूट कापली जाते. नायसिन आज चीज टिकवायला वापरतात. गाईच्या कासेच्या दगडीवरही ते वापरून पाहिलं गेलं आहे.

पेप्टाइडांच्या या कामात महाराष्ट्राचा वाटा जनुकांपेक्षा माहितीचा. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत अशा पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ नावाचा माहितीकोश उभा राहिला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या जिवात कोणतं पेप्टाइड, ते कोणत्या जंतूवर चालतं, हे तिथे कोणालाही शोधता येतं. नवं पेप्टाइड घडवण्याआधी ते कामाचं ठरेल का, याचा अंदाजही बांधता येतो.

औषधाच्या दुकानापर्यंतची वाट मात्र खडतर निघाली. बेडकाच्या कातडीतल्या मॅगेनिनवरून बेतलेलं ‘पेक्सिगॅनन’ मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी होतं. अमेरिकेने १९९९ साली त्याला परवानगी नाकारली. पोटात ही पेप्टाइडं पचून जातात, म्हणून आशा मुख्यतः मलमांवर आणि अन्न टिकवण्यावर.

जंतू या पेप्टाइडांना सरावणार नाहीत, असंही बोललं जाई. यवतमाळचा माणूस असं सहज मानणार नाही. गुलाबी अळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचं बियाणं कंपनी मोन्सँटोने २०१० मध्ये गुजरातच्या संदर्भात कबूल केलं आणि २०१७ पर्यंत विदर्भात तिने बोंडं पोखरली. मॅगेनिन शोधणारे मायकेल झास्लॉफही प्रतिकार फारसा होणार नाही, या मताचे होते. २००६ साली उत्क्रांतीशास्त्रज्ञ ग्रॅहॅम बेल यांच्या प्रयोगशाळेत पेक्सिगॅननची मात्रा हळूहळू वाढवत शेकडो पिढ्या जंतू वाढवले गेले आणि बहुतेक वंश प्रतिकारक निघाले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत झास्लॉफ यांचंही नाव आहे.