जुन्या मोटारीचा कार्बोरेटर : ओळख व जुळणी

प्रीमियर पद्मिनी जातीची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उठली. परंतु खासगी गाडीस तो नियम नाही. पंधरा वर्षे झाल्यावर पाच-पाच वर्षांसाठी तिची नोंदणी नव्याने करून घेता येते, आणि वडिलांनी हौसेने घेतलेली गाडी सहसा कोणाला विकवत नाही. अशा गाडीचे मालक अलीकडे एकच गाऱ्हाणे सांगतात. धुळ्याहून मालेगावकडे निघाले की लळिंगच्या चढावर ती दम टाकते, पाय सोडला की फटफटते आणि उन्हाळ्यात एकदा बंद पडली की लवकर सुरू होत नाही. ह्या तक्रारींचे मूळ बहुधा कार्बोरेटरमध्ये असते. मात्र त्याला हात लावण्यापूर्वी तो कोणता, हे पहावयास हवे.

डासांवर औषध मारण्याचा फ्लिटचा पंप ज्यांनी चालविला आहे, त्यांनी कार्बोरेटरचे तत्त्व पाहिलेच आहे. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब घटतो व त्या ओढीने नळीतील द्रव वर येऊन त्याचा फवारा होतो. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून इंजिन हवा ओढते, आणि जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल त्या हवेत मिसळते. पेट्रोलची पातळी सारखी राखण्यासाठी शेजारच्या कप्प्यात, घरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसाच, एक तरंगता फ्लोट असतो.

आता ओळख. डोक्यावर घुमटासारखे गोल टोपण असून आत वरखाली होणारा दट्ट्या व त्याला निमुळती सुई असेल, तर तो इंग्रजी एस. यू. होय, जुन्या मॉरिससारख्या गाड्यांवर तो येई. महायुद्धाच्या काळातील विलीज जीपवर अमेरिकन कार्टर असे. पद्मिनीवर सामान्यतः सोलेक्स ३२ पी. बी. आय. सी. हा कार्बोरेटर आढळतो. त्याचे नाव व आकडा अंगावर उठविलेला असतो. ३२ म्हणजे थ्रॉटलच्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जेटवरही आकडा असतो, आणि १२० म्हणजे छिद्र १.२० मिलिमीटरचे. ह्या आकड्यांवरच विश्वास ठेवावा, नोंदणीपुस्तकावर नव्हे. कारण चाळीस वर्षांत कोणा मिस्त्रीने कोणत्या गाडीचा कार्बोरेटर कोठे बसविला असेल, हे सांगवत नाही.

ह्या आकड्यांचे महत्त्व आज विशेष वाढले आहे. ही गाडी ज्या पेट्रोलसाठी घडविली, ते आता पंपावर मिळत नाही. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने, आणि २०२५ पर्यंत बहुतेक सर्वत्र, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊ लागले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ह्या मिश्रणास सुमारे १३.५ पुरते. जेट तेच ठेवले, तर इंधन गरजेहून सुमारे ८ टक्के कमी पडते. ह्यालाच मिश्रण 'लीन' होणे म्हणतात, आणि चढावरचा दम येथेच जातो. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून १२० च्या जागी १२५ चा जेट घातला की ही तूट जवळजवळ भरून निघते. आपल्या जेटचा आकडा निराळा असल्यास हिशेब ह्याच रीतीने करावा. तारेने छिद्र मोठे करण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. तारेने पडलेल्या छिद्राचे माप कोणास ठाऊक नसते. साफ करावयाचे तेही हवेच्या झोताने. इथेनॉल टाकीतील जुना चिकट मळही सोडविते आणि रबराच्या जुन्या नळ्या फुगविते. तेव्हा नळ्या व पेट्रोलचा गाळक आधी बदलावा.

जुळणीची पहिली पायरी कार्बोरेटरची नाहीच. प्लग, पॉइंट, ठिणगीची वेळ व टॅपेट आधी नीट असावेत. कपाशीच्या हंगामातील धुळीने भरलेला हवेचा गाळकही स्वच्छ करावा. मग इंजिन पूर्ण तापू द्यावे. तळाशी मिश्रणाचा स्क्रू असतो. तो बाहेर काढला की मिश्रण दाट होते, आत नेला की विरळ. प्रथम थ्रॉटलच्या स्क्रूने वेग किंचित वाढवावा. मग मिश्रणाचा स्क्रू इंजिन लडखडेपर्यंत बाहेर काढावा आणि ते एकसारखे चालेपर्यंत हळूहळू आत न्यावा. नंतर वेग उतरवून हीच कृती पुन्हा करावी. हा स्क्रू कधीही आवळू नये. त्याच्या टोकास वळ पडतो व मग जुळणी बसतच नाही.

ह्या स्क्रूची सत्ता फक्त उभ्या गाडीपुरती आहे, हे पुष्कळ मिस्त्रीही विसरतात. पळत्या गाडीची परीक्षा प्लग देतो. एरंडोल-पारोळ्याच्या सपाट रस्त्यावर चारपाच किलोमीटर एका वेगाने जावे, न्यूट्रल करून इंजिन बंद करावे, गाडी सुरक्षित जागी थांबवावी, आणि प्लग निवल्यावर काढून पहावा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काजळी धरलेला असेल तर जास्त. धूरतपासणीतही हे कळते: भारत स्टेज दोनपूर्वीच्या पेट्रोल मोटारीस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे.

राहिला उन्हाळा. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा नळीतच पेट्रोलची वाफ होऊन ओघ तुटतो. नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर बांधावी. कार्बोरेटरखालची उष्णतारोधक चकती कोणी काढून टाकली नाही ना, तेही पहावे. गरम इंजिन सुरू होत नसेल, तर चोक ओढू नये व पायाने पंपही करू नये. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टर फिरवावा, म्हणजे आत साचलेले जास्तीचे पेट्रोल निघून जाते.