शालेय व्हॉलीबॉल : नियम आणि पंचांचे कर्तव्य

सातपुड्याच्या दक्षिणेस, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके संत्र्यांच्या बागा आणि कापसाचे पीक यांसाठी प्रसिद्ध आहेत. राज्य मध्य प्रदेश असले, तरी येथील घराघरांतून मराठी बोलली जाते. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडणाऱ्या या दोन तालुक्यांचा मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले, त्याबरोबर जिल्ह्याच्या जबाबदाऱ्याही जवळ आल्या. शालेय क्रीडास्पर्धांचे नेटके आयोजन ही त्यांपैकी एक होय.

व्हॉलीबॉल हा खेळ ग्रामीण शाळेला परवडणारा आहे. दोन खांब, एक जाळी, एक चेंडू आणि सपाट केलेली थोडी जागा एवढ्यावर बारा मुले एकाच वेळी खेळू शकतात. १८९५ मध्ये अमेरिकेतील होल्योक या गावी विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ शोधून काढला, तो मुख्यतः अंगाला अंग न भिडविता व्यायाम व्हावा या हेतूने. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा व सावरगाव यांची गोटमार पाहिलेल्या लोकांना ईर्ष्या म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. व्हॉलीबॉलमध्येही दोन पक्ष समोरासमोर उभे असतात. परंतु मध्ये जाळी असते आणि जाळीच्या टोकाशी पंच असतो. ईर्ष्या राहावी व इजा होऊ नये, ही व्यवस्था त्या दोहोंवर अवलंबून असते.

शालेय स्पर्धांत खालच्या पायरीवर पंचाचे काम बहुधा शिक्षकच करतात. त्यांपैकी अनेकांनी हा खेळ आपल्या विद्यार्थिदशेत शिकलेला असतो. दरम्यानच्या काळात नियम पुष्कळ बदलले आहेत. जुन्या नियमाने दिलेला एक निर्णय एखाद्या मुलाची वा मुलीची वरच्या स्पर्धेची संधी हिरावून घेऊ शकतो. म्हणून प्रचलित नियमांची उजळणी अगत्याची आहे.

एका निर्णयाचे मोल

समजा, निर्णायक डावात १४–१३ असे गुण झाले आहेत. आघाडीवरील संघाच्या मुलीने सर्व्हिस केली. चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला लागला आणि पलीकडच्या अंगणात पडला. पूर्वीच्या नियमाप्रमाणे ही चूक ठरत असे. त्या सवयीने पंचाने शिटी वाजवून गुण विरुद्ध संघास दिला, तर धावसंख्या १४–१४ होईल व सामना पुढे कोठेही जाऊ शकेल. प्रचलित नियमानुसार मात्र जाळीला स्पर्श करून योग्य मार्गाने पलीकडे गेलेली सर्व्हिस वैध आहे. म्हणजे ती मुलगी सामना जिंकलेली आहे. पंचाच्या मनात कोणताही पक्षपात नसताना केवळ माहितीच्या अभावी तिच्यावर अन्याय होतो. तो टाळणे हे पंचाचे पहिले कर्तव्य होय.

मैदानाची आखणी

मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते. सर्व रेषा ५ सेंटिमीटर रुंद असून त्या मैदानातच मोजल्या जातात; म्हणून रेषेला स्पर्श करणारा चेंडू आतला समजावा. मध्यरेषेपासून ३ मीटरवर दोन्ही बाजूंस आक्रमण रेषा असते. सभोवार किमान ३ मीटर मोकळी जागा व वर ७ मीटरपर्यंत मोकळे आकाश असावे. शाळेच्या आवारातील कडुनिंबाची सावली सुखद असली, तरी फांदीला लागलेला चेंडू बाद ठरतो, हे जागा निवडतानाच ध्यानात घ्यावे.

आखणी काटकोनात झाली की नाही, हे पाहण्यास सोपी युक्ती आहे. ९ मीटर चौरसाचा कर्ण १२ मीटर ७३ सेंटिमीटर भरतो. तेवढी दोरी दोन्ही कर्णांवर ताणून पाहावी. दोन्हीकडे ती सारखी बसली, तर अंगण बरोबर आहे. मैदान शक्यतो दक्षिणोत्तर असावे, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन खेळाडूंच्या डोळ्यांवर येत नाही. काळी कपाशीची जमीन पावसाने चिखल होते व उन्हाने भेगाळते. तीवर मुरूम पसरून पाणी मारून ती दाबून घ्यावी. चुना डोळ्यांस अपायकारक असल्याने रेषांसाठी खडूची भुकटी किंवा पांढरी फीत वापरणे इष्ट होय.

जाळीची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर व स्त्रियांसाठी २.२४ मीटर असते. लहान वयोगटांसाठी ती कमी ठेवता येते. त्यासाठी त्या त्या स्पर्धेचे परिपत्रक पाहावे. उंची मैदानाच्या मध्यावर मोजावी. दोन्ही बाजूरेषांवर ती सारखी असावी आणि ठरलेल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटरहून अधिक नसावी. मापाची खूण केलेला एक बांबू पंचाजवळ असल्यास वाद उद्‌भवत नाही. चेंडूचा परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर व वजन २६० ते २८० ग्रॅम असावे.

गुण, डाव आणि फिरती

पूर्वी गुण मिळविण्याचा अधिकार सर्व्हिस करणाऱ्या संघासच असे व डाव १५ गुणांचा असे. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने ही पद्धत बदलली. आता सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक खेळीस एक गुण मिळतो. डाव २५ गुणांचा असून जिंकण्यासाठी किमान दोन गुणांची आघाडी लागते. २४–२४ झाल्यास दोन गुणांचे अंतर पडेपर्यंत खेळ चालू राहतो. निर्णायक डाव १५ गुणांचा असतो व त्यात एका संघाचे ८ गुण होताच बाजू बदलल्या जातात. सामना तीन डावांचा की पाच डावांचा, हे स्पर्धेचे आयोजक आधी जाहीर करतात.

सर्व्हिस परत मिळविणाऱ्या संघाचे खेळाडू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक जागा सरकतात आणि पुढील उजव्या बाजूचा खेळाडू मागे येऊन सर्व्हिस करतो. पंचाच्या शिटीनंतर ८ सेकंदांत सर्व्हिस झाली पाहिजे. चुकीच्या खेळाडूने सर्व्हिस केल्यास गुण व सर्व्हिस प्रतिपक्षास मिळते आणि क्रम दुरुस्त केला जातो. यासाठी गुणलेखकाने दोन्ही संघांचा क्रम डावापूर्वीच लिहून घेणे आवश्यक असते. सर्व्हिसच्या क्षणी ती घेणाऱ्या संघाचे खेळाडू आपापल्या क्रमाने उभे असावेत, आणि हे त्यांच्या पायांच्या जागेवरून ठरवावे. सर्व्हिस करणाऱ्या संघास २०२५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमांत या बंधनातून मोकळीक मिळाली आहे. सर्व्हिसचा क्रम मात्र त्यालाही पाळावा लागतो.

चेंडू खेळण्याचे नियम

प्रत्येक संघास चेंडू जास्तीत जास्त तीन स्पर्शांत परत पाठवावा लागतो. ब्लॉक करताना झालेला स्पर्श या तिहींत मोजला जात नाही व ब्लॉक करणाऱ्यास तोच चेंडू पुन्हा खेळता येतो. चेंडू शरीराच्या कोणत्याही भागाने, पायानेसुद्धा, खेळता येतो. ही मुभा १९९० च्या दशकात मिळाली. चेंडू पकडणे किंवा फेकणे मात्र दोष आहे. संघाच्या पहिल्या स्पर्शात, एकाच प्रयत्नात, चेंडू शरीराच्या दोन भागांस लागला तर तो दोष नव्हे.

दोन अँटेनांच्या मध्ये, चेंडू खेळण्याच्या क्रियेत जाळीस स्पर्श होणे हा दोष आहे. उडी, फटका आणि जमिनीवर उतरणे ही सर्व त्या क्रियेची अंगे होत. चेंडूच्या जोराने जाळी हलून समोरच्या खेळाडूस लागली, तर त्याचा दोष नाही. पाऊल मध्यरेषेवर पडले व त्याचा काही भाग रेषेला टेकलेला किंवा रेषेच्या वर असला, तर खेळ थांबवू नये. संपूर्ण पाऊल पलीकडे गेल्यास दोष द्यावा. मागच्या फळीतील खेळाडूने आक्रमण रेषेच्या मागून उडी घेऊन फटका मारल्यास तो वैध असतो. सर्व्हिसचा ब्लॉक करता येत नाही.

पंचांची कामे

प्रथम पंच जाळीच्या एका टोकाशी उंचावर उभा राहतो. त्याची दृष्टी जाळीच्या वर सुमारे ५० सेंटिमीटर असावी. त्याचा निर्णय अंतिम असतो. द्वितीय पंच समोरच्या खांबाजवळ जमिनीवर उभा राहून मध्यरेषा, ब्लॉकच्या बाजूचा जाळीस्पर्श व सर्व्हिस घेणाऱ्या संघाचा क्रम पाहतो. खेळाडूबदल आणि विश्रांतीच्या वेळाही तोच सांभाळतो. प्रत्येक डावात संघास ३० सेकंदांच्या दोन विश्रांती व सहा बदल मिळतात. रेषापंच चेंडू आत पडल्यास निशाण खाली, बाहेर पडल्यास वर करतात; खेळाडूस लागून बाहेर गेल्यास उभ्या निशाणाच्या टोकावर दुसरा तळहात ठेवतात.

शिटी एकदाच, स्पष्ट आणि तत्काळ वाजवावी. प्रथम पंचाने शिटी वाजविल्यावर कोणता संघ सर्व्हिस करणार, दोष कोणता आणि आवश्यक तेथे खेळाडू कोणता, या क्रमाने हाताच्या खुणा कराव्यात. येथील मुले घरी मराठी बोलतात व शाळेत बहुधा हिंदीतून शिकतात. नियमांतील कित्येक शब्द इंग्रजी आहेत. अशा ठिकाणी हाताची खूण ही सर्वांची समान भाषा ठरते. प्रेक्षकांत बसलेल्या शेतकऱ्यासही तिच्यावरून निर्णय समजतो आणि समजलेल्या निर्णयाविषयी तक्रार क्वचितच राहते.

पंचाशी बोलण्याचा अधिकार फक्त कर्णधारास असून, तोही चेंडू खेळात नसताना, स्पष्टीकरण विचारण्यापुरता असतो. गैरवर्तनास प्रथम तोंडी समज, नंतर पिवळे कार्ड दाखवावे; लाल कार्डाने प्रतिपक्षास एक गुण व सर्व्हिस मिळते. दोन्ही कार्डे एका हातात धरल्यास त्या डावापुरते आणि दोन हातांत वेगवेगळी धरल्यास संपूर्ण सामन्यासाठी खेळाडूस बाहेर जावे लागते. शाळकरी वयात वेळीच दिलेली तोंडी समज पुष्कळदा पुरेशी होते. खेळाडूस इजा झाल्यास किंवा बाहेरचा चेंडू मैदानात आल्यास खेळ ताबडतोब थांबवून ती खेळी पुन्हा घ्यावी.

गावाचा वाटा

आपल्या शाळेच्या सामन्यात शक्यतो आपण पंच होऊ नये. शेजारच्या शाळेच्या शिक्षकास बोलवावे. सामन्यापूर्वी पंच, गुणलेखक व रेषापंच यांनी अर्धा तास एकत्र बसून नियम ताडून पाहावेत. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस गुणलेखन व निशाण दाखविणे शिकविल्यास पुढील पंच गावातच तयार होतील. अधिकाऱ्यांनी प्रचलित नियम स्पर्धेच्या परिपत्रकासोबत प्रत्येक शाळेस पोहोचवावेत. ग्रामस्थांनी टाळ्या वाजवाव्यात, आपल्या संघास हाकाही द्याव्यात; परंतु रेषेजवळ गर्दी करू नये व निर्णय पंचावर सोपवावा.

जिंकणे-हरणे हा खेळाचा धर्मच आहे. हरलेल्या मुलास आपण खेळात हरलो एवढेच वाटावे, आपल्याला हरविले गेले असे वाटू नये, यासाठी पंचाने नियम जाणून घेतले पाहिजेत. पांढुर्णा-सौंसर भागातील प्रत्येक शाळेत असा एक जाणता पंच तयार झाला, तर येथील मुलांना वरच्या स्पर्धांत आपल्या गुणांवर जाता येईल.