सेंट पॉल्स शाळा : एका स्वायत्त ख्रिस्ती विद्यालयाची घडण

इंग्लंडच्या शिक्षणेतिहासात ‘स्वतंत्र शाळा’ ही संज्ञा विशिष्ट अर्थाने योजिली जाते. शासकीय अनुदानावर अवलंबून नसलेली व स्वतःच्या नियामक मंडळाच्या आधीन असलेली शाळा, हा तिचा आजचा अर्थ होय. परंतु या वर्गातील बहुतेक जुन्या शाळा ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या छायेत जन्मास आल्या. त्यामुळे त्या नेमक्या कोणापासून स्वतंत्र, असा प्रश्न उपस्थित होतो. लंडन येथील मुलांच्या सेंट पॉल्स शाळेचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथे स्वायत्ततेचा पहिला प्रयत्न धर्मपीठाच्या सत्तेपासून मुक्त होण्याचा होता, आणि तो एका धर्माधिकाऱ्यानेच केला.

शाळेचा संस्थापक जॉन कॉलेट हा सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तेथील धर्ममंडळाचा प्रमुख होता. त्याचे वडील सर हेन्री कॉलेट हे मर्सर्स कंपनी या रेशीम व उंची वस्त्रांच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे सभासद असून दोन वेळा लंडनचे लॉर्ड मेयर झाले होते. त्यांच्या मृत्यूनंतर वारशाने आलेली संपत्ती कॉलेटने शाळेस वाहिली. शाळेची स्थापना इ. स. १५०९ मध्ये झाली. कॅथीड्रलच्या आवारात उभ्या राहणाऱ्या या शाळेचा कारभार तेथील धर्ममंडळाकडे जावा, हे तत्कालीन रीतीस धरून झाले असते. कॉलेटने मात्र तो मर्सर्स कंपनीच्या हाती सोपविला. त्याचा मित्र व सुप्रसिद्ध मानवतावादी पंडित इरॅस्मस याने इ. स. १५२१ मधील एका पत्रात या निर्णयाची मीमांसा केली आहे. मानवी व्यवहारात निश्चित असे काहीच नसते. तथापि प्रतिष्ठित, विवाहित नागरिकांत आपणास सर्वांत कमी भ्रष्टता आढळली, असे कॉलेटचे मत होते, असे तो सांगतो. एका धर्मोपदेशकाने स्वतःच्या वर्गाविषयी दिलेला हा अभिप्राय होय.

शाळेच्या पहिल्या इमारतीचे वर्णनही याच पत्रात आढळते. तिचे चार भाग होते. प्रवेशद्वाराजवळील भागात धर्माची मूलतत्त्वे शिकणारी लहान मुले, दुसऱ्यात उपाध्यापकाचे व तिसऱ्यात मुख्याध्यापकाचे विद्यार्थी बसत. चौथा भाग प्रार्थनामंदिराचा होता. मधले पडदे हवे तेव्हा ओढता किंवा सारता येत. बाके पायऱ्यांप्रमाणे चढत गेलेली असत. प्रत्येक वर्गात १६ मुले असून वर्गात अग्रस्थानी असलेल्या मुलाचे आसन इतरांहून किंचित उंच असे. मुख्याध्यापकाच्या आसनावर बाल येशूची प्रतिमा होती, आणि शाळेत येताना व जाताना मुले तिला स्तोत्रगायनाने वंदन करीत. भोजनगृह वा शयनगृह यांस या रचनेत मुळीच स्थान नव्हते. नगरातील मुलांसाठी असलेली ही दिवसाची शाळा होती.

इ. स. १५१८ च्या नियमावलीवरून दैनंदिन व्यवहाराचे चित्र स्पष्ट होते. अध्यापन सकाळी ७ ते ११ व दुपारी १ ते ५ या वेळात चाले. कोंबड्यांच्या झुंजींना बंदी होती. नैमित्तिक सुट्टी देणाऱ्या मुख्याध्यापकास ४० शिलिंग दंड भरावा लागे. प्रवेशाच्या वेळी ४ पेन्स द्यावे लागत. ही रक्कम शाळा झाडणाऱ्या गरीब विद्यार्थ्यास मिळे. एरवी शिक्षण विनामूल्य होते, आणि सर्व राष्ट्रांतील व देशांतील मुलांस भेदभाव न करता प्रवेश देण्याची आज्ञा होती. विद्यार्थिसंख्या १५३ ठरविलेली होती. नियमावलीत ती आसनांच्या संख्येस अनुसरून दिली आहे. परंपरा मात्र तिचा संबंध योहानकृत शुभवर्तमानातील जाळ्यात सापडलेल्या १५३ माशांशी जोडते. शाळेचे शिष्यवृत्तिधारक विद्यार्थी त्याची खूण म्हणून चांदीचा मासा धारण करतात. पहिला मुख्याध्यापक विल्यम लिली हा ग्रीक भाषेचा जाणकार होता. पुढील काळात कवी मिल्टन, रोजनिशीकार पीप्स व ज्योतिर्विद हॅली हे याच शाळेत शिकले.

शाळेची वास्तू इ. स. १६६६ च्या महाअग्नीत भस्मसात झाली. दुसरी इमारत इ. स. १६७० मध्ये व तिसरी इ. स. १८२४ मध्ये त्याच जागी पूर्ण झाली. याहून मूलगामी परिवर्तन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले. क्लॅरेंडन आयोगाने (१८६१–६४) ज्या नऊ शाळांची चौकशी केली त्यांत सेंट पॉल्सचा समावेश होता, परंतु इ. स. १८६८ च्या पब्लिक स्कूल्स अधिनियमातून ती वगळली गेली. त्यानंतरच्या दशकातील नव्या योजनेने नियामक मंडळात विद्यापीठांचे प्रतिनिधी आले, आणि १५३ पलीकडील विद्यार्थ्यांना शुल्क भरून प्रवेश मिळू लागला. शाळेच्या विस्ताराचा मार्ग अशा रीतीने मोकळा झाला. विनामूल्य शिक्षणाचे मूळ तत्त्व मात्र संकुचित झाले.

इ. स. १८८४ मध्ये शाळा हॅमरस्मिथ येथील, अॅल्फ्रेड वॉटरहाउस या वास्तुविशारदाने रचिलेल्या भव्य इमारतीत गेली. दुसऱ्या महायुद्धात विद्यार्थ्यांना बर्कशायरमध्ये हलविण्यात आले व इमारतीत एकविसाव्या सैन्यसमूहाचे मुख्यालय आले. त्याचे सेनापती माँटगोमेरी हे याच शाळेचे माजी विद्यार्थी होते. नॉर्मंडीवरील स्वारीची योजना १५ मे १९४४ रोजी राजे सहावे जॉर्ज व चर्चिल यांच्यासमोर येथेच मांडली गेली.

इ. स. १९६८ मध्ये शाळेने थेम्सच्या काठी बार्न्स येथे स्थलांतर केले. तेथील पहिल्या इमारती पूर्वनिर्मित भाग जोडून झटपट उभारलेल्या होत्या. एकविसाव्या शतकात त्यांच्या जागी टप्प्याटप्प्याने नव्या इमारती आल्या. विज्ञानाच्या प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगीतगृह, पीप्सच्या नावाचे नाट्यगृह, विस्तीर्ण क्रीडांगणे व नदीकाठचे नौकागृह या आजच्या सोयी पाहिल्या असता, पडद्यांनी विभागलेल्या मूळ वास्तूपासूनचे अंतर ध्यानात येते.

शिक्षण मात्र आता महाग झाले आहे. शुल्कातील साहाय्य कौटुंबिक उत्पन्न पाहून दिले जाते, आणि १ जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाल्याने हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. येथे कॉलेटच्या नियमावलीतील अखेरचे कलम स्मरणीय ठरते. कालमानाप्रमाणे नियमांत भर घालण्याचा वा घट करण्याचा अधिकार त्याने मर्सर्स कंपनीस तिच्या विवेकावर विसंबून दिला होता. ही लवचिकता लाभल्यामुळे शाळा आग, युद्ध व स्थलांतर यांतून तगली. त्याच लवचिकतेमुळे सर्वांस विनामूल्य खुले असलेले तिचे द्वार अरुंद होणेही शक्य झाले. स्वायत्तता संस्थेस दीर्घायुष्य देऊ शकते. मूळ हेतूचे रक्षण मात्र प्रत्येक पिढीच्या विश्वस्तांना नव्याने करावे लागते, असाच या पाच शतकांच्या इतिहासाचा निष्कर्ष निघतो.