पहिले मानधन आणि घरचे ऋण

जव्हार सोडून एसटी मोखाड्याच्या दिशेने निघाली की गाव मागे पडते आणि पाडे सुरू होतात. या दोन तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळेवर प्रथमच रुजू होणाऱ्या तरुण शिक्षिकेला अभ्यासक्रमाच्या पुस्तकांनी न सांगितलेली एक गोष्ट लवकरच उमगते. वर्गातील अनेक मुलांची घरची बोली वारली, कोकणा किंवा कातकरी असते. पाठ्यपुस्तकातील मराठी त्यांना जवळजवळ परकी. दुसरी गोष्ट दिवाळीनंतर कळते. व्यापारी घरांत वहीपूजन होऊन नवे खाते उघडते, त्याच सुमारास येथील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवरील मजुरीसाठी बाहेर पडतात. मुलेही त्यांच्यामागे जातात. हजेरीपटावर नाव राहते, जागा रिकामी होते.

प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकास पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनच मिळते. ते बराच काळ दरमहा ६,००० रुपये होते. २०२३ पासून १६,००० झाले. खोलीचे भाडे, जेवण आणि प्रवास वजा जाता काय उरते, हा हिशेब पेढीवर बसणाऱ्या वडिलांना क्षणात जमतो. तो जमूनही ते मुलीला ‘जा’ म्हणतात, आई खाखऱ्यांचा डबा बांधून देते, भाऊ दुकानातील तिच्या वाटणीचे काम मुकाट्याने अंगावर घेतो. पहिल्या मानधनातून आईसाठी घेतलेली साडी ही या ऋणाची परतफेड नव्हे, फार तर पोच.

अशा ऋणातून उभी राहिलेली एक थोर शिक्षिका आजच्या पालघर जिल्ह्यातच, डहाणू तालुक्यात, कर्तृत्वास आली. अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे उर्वरित आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सरावे, अशीच रीत होती. अनुताई मात्र शिकत राहिल्या. १९२९ मध्ये पुण्यातून शिक्षिकेचे प्रशिक्षण पूर्ण करून त्या चांदवड भागात शिकवू लागल्या. (याच चांदवडला आदल्याच वर्षी नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला होता, हे आपल्या वाचकांना सांगण्याजोगे.) पुढे पुण्याची हुजूरपागा. स्वतः मॅट्रिक मात्र त्या नोकरी सांभाळून, रात्रशाळेत बसून, १९३७ मध्ये झाल्या.

१९४५ मध्ये त्या ताराबाई मोडक यांच्यासह बोर्डीला आल्या. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या. सोळा वर्षांचा अनुभव पाठीशी असलेल्या अनुताईंना येथे जणू पुन्हा उमेदवारी करावी लागली. बालवाडीत मुले येईनात, तेव्हा पाड्यावरील अंगणातच शाळा भरू लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पुढे हे कार्य कोसबादच्या टेकडीवर रुजले. अनुताई बी.ए. झाल्या त्या १९६१ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. यांपेक्षा ती उतारवयातील पदवी अधिक बोलकी वाटते.

जव्हार-मोखाड्यात आजही शाळेला मुलांच्या दारी जावे लागते. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती चालायची तर दिवाळीपूर्वी शिक्षिकेने झोपडीझोपडीत जाऊन विनवणी केली पाहिजे, की मुलाला भट्टीवर नेऊ नका, आजीपाशी ठेवा. आईला ते सहज पटत नाही. धाकट्याला कोण सांभाळणार, हा तिचा प्रश्न रास्त असतो, आणि सहा महिने लेकराचे तोंड दिसणार नाही, हे ती बोलून दाखवत नाही. स्वतःच्या आईने डबा बांधताना काय गिळले असेल, ते त्या ओटीवर बसलेल्या नव्या शिक्षिकेला बहुधा तेव्हाच प्रथम कळते. अंधार पडेस्तोवर ती तेथेच बसून राहते, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा येते.